कवीश्वर भास्करभट बोरीकर : पंचभूतांचे शिष्यत्व

वळवाचा वारा सुटतो, विजा कडाडतात आणि घटकाभरात उभे पीक आडवे होते. अशा वेळी मनुष्याचे हात आपोआप जोडले जातात. परंतु ते कोणापुढे जोडले जातात, हा प्रश्न साधकाने स्वतःला विचारला पाहिजे. वाऱ्यालाच देव मानणारा प्रपंचात गुंततो. वाऱ्यामागे काहीच नाही असे म्हणणारा कर्त्यालाच मुकतो. या दोहोंमधली वाट ज्यांच्या ओव्यांनी मराठीत उजळली, त्या कवीश्वरबासांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

भास्करभट हे बोरी गावचे, म्हणून बोरीकर. संस्कृत काव्य, शास्त्र आणि अलंकार यांत मुरलेला हा पंडित श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निधानी मार्गात आला. भटोबासांच्या ठायी मराठीचा कटाक्ष होता. सर्वज्ञांचा बोध सामान्य जनांपर्यंत पोचावा, संस्कृताच्या कुंपणात तो अडू नये, ही त्यांची तळमळ होती. भास्करभटांच्या विद्वत्तेला त्यामुळे नवे वळण मिळाले; पंडिताची लेखणी मराठी ओवीकडे वळली.

चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘शिशुपालवध’ रचला. एक हजार सत्त्याऐंशी ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे रसाळ वाणीचा उत्सवच होय. श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या प्रेमाचे रंग त्यात आहेत, वसंताचा बहर आहे. मात्र येथे निसर्ग येतो तो शृंगाराचा साज होऊन. फुले, वारा, पाणी ही सारी रसाच्या सेवेला उभी आहेत.

परंपरा सांगते की, हा ग्रंथ त्यांनी आपले गुरुबंधू, ‘पूजावसर’कार बाइदेवबास यांना दाखविला. बाइदेवबासांनी काव्याचे कौतुक केले. परंतु हा ग्रंथ प्रवृत्तांच्या उपयोगी पडेल, निवृत्तांच्या नव्हे, असा अभिप्रायही दिला. ज्याने मोठ्या हौसेने काव्य रचले, त्या कवीला हे शब्द किती झोंबले असतील! रुसून बसणे सोपे होते. वाद घालण्याएवढी विद्या तर जवळ होतीच. परंतु भास्करभटांनी यांतले काहीही केले नाही. त्यांनी भागवताचा एकादश स्कंध हाती घेतला आणि आठशे सत्तावीस ओव्यांची ‘उद्धवगीता’ सिद्ध केली.

निजधामास जाण्यापूर्वी श्रीकृष्णांनी उद्धवाला जे निरूपण केले, त्यात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद येतो. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी, वायू, आकाश, जळ आणि अग्नी ही पाचही भूते आहेत. सर्वांनी तुडविली तरी पृथ्वी क्षमा सोडीत नाही. वायू सुगंधातून जातो, दुर्गंधातूनही जातो. परंतु तो कशातही अडकत नाही. वारा मेघांना हाकीत नेतो, तरी आकाशाला त्यांचा स्पर्श होत नाही. वर्षाकाळी नद्या लोटल्या म्हणून समुद्र मर्यादा सोडीत नाही आणि ग्रीष्मात त्या आटल्या म्हणून तो सुकत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी धरावा. अवधूत भूतांना गुरू म्हणतो, परमेश्वर म्हणत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न होत, हा तर आपल्या ब्रह्मविद्येचा पायाच आहे. परमेश्वराच्या प्रवृत्तीने माया प्रपंच रचते. वादळ कितीही प्रचंड असले तरी ते प्रपंचातलेच. गोकुळात श्रीकृष्णांनी इंद्राचा याग थांबविला. सात दिवस मुसळधार पर्जन्य कोसळला आणि गोवर्धनाखाली सारे व्रज सुरक्षित राहिले. पर्जन्याचे सामर्थ्य खोटे नव्हते, परंतु ते अंतिमही नव्हते. व्रजजनांना हे त्या वादळातच कळले.

म्हणून वादळ पाहून नुसते भिणे ही भक्ती नव्हे. भय ओसरते आणि आकाश निवळताच मनुष्य पूर्ववत होतो. त्या दर्शनातून जो क्षमा, अलिप्तता आणि मर्यादा शिकतो, त्याचेच पाहणे सार्थकी लागते. कवीश्वरबासांनी हे केवळ ओव्यांत लिहिले नाही. बंधूचा कठोर अभिप्राय त्यांनी पृथ्वीसारखा सोसला. स्वतःच्या गाजलेल्या काव्याच्या सुगंधातून ते वायूसारखे बाहेर पडले. ‘उद्धवगीते’तला उपदेश ग्रंथ लिहिण्यापूर्वीच त्यांच्या आचरणात उतरला होता.

पुढे बाइदेवबासांच्या मागून मार्गाची धुरा त्यांच्याकडे आली. कवीश्वर आम्नाय आजही त्यांचेच नाव धारण करतो. यंदाही पाऊस येईल. कोठे तारील, कोठे बुडवील. त्या वेळी वासनिकाने शेजाऱ्याच्या पडक्या भिंतीला हात लावावा, भिक्षुकाने आपले नामस्मरण अढळ ठेवावे. आणि दोघांनीही नमन करावे ते मेघाला नव्हे, ज्याच्या प्रवृत्तीने मेघही आहे त्याला.