विश्लेषण : खाण खात्यातल्या इंजिनीअरने लिहिले स्वर्गाचे ‘आँखों देखा हाल’; कोण होते इमॅन्युएल स्वीडनबोर्ग?

मेल्यानंतर माणसाचे काय होते, हे प्रत्येक धर्म आपापल्या परीने सांगतो. पण १८व्या शतकातील स्वीडनमध्ये धातूच्या भट्ट्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याने वेगळाच दावा केला. आपण जिवंतपणीच स्वर्गात जाऊन येतो, असे तो सांगू लागला आणि तिथली घरे, कामधंदे, लग्ने यांची वर्णने छापू लागला. या अधिकाऱ्याचे नाव इमॅन्युएल स्वीडनबोर्ग.

स्वीडनबोर्ग आधी काय करायचे?

जन्म २९ जानेवारी १६८८, स्टॉकहोम. वडील धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. इमॅन्युएल आठ वर्षांचे असताना आई आणि भाऊ दोघेही एकाच वर्षी गेले.

उप्साला येथील शिक्षण संपवून ते लंडनला गेले. तिथे घड्याळजी, उपकरणे बनवणारे अशा कारागिरांच्याच घरी खोली घ्यायची आणि राहता राहता त्यांचा हुन्नर शिकून घ्यायचा, अशी त्यांची युक्ती होती. १७१४च्या सुमारास त्यांनी उडत्या यंत्राचा आराखडा काढला. १७१६ मध्ये राजा बारावा चार्ल्स याने त्यांना खाण मंडळावर नेमले. १७३४ मध्ये लोखंड, तांबे आणि विश्वाच्या रचनेवरचा त्यांचा तीन खंडी ग्रंथ निघाला. कोणत्याही इंजिनीअरला हेवा वाटावा असा हा बायोडेटा!

मग ते शरीरशास्त्राकडे वळले. आत्मा शरीरात नेमका कुठे असतो, हे त्यांना शोधायचे होते. मेंदूच्या बाह्य थराचे महत्त्व त्यांनी बरेच आधी ओळखले होते. आत्मा मात्र तिथे सापडला नाही.

मग असे काय घडले?

१७४३-४४ मध्ये त्यांना विलक्षण स्वप्ने पडू लागली. ती त्यांनी वहीत उतरवून ठेवली आहेत. १७४४च्या ईस्टरला ख्रिस्ताचे दर्शन झाले आणि त्यानंतरच्या वर्षी लंडनमध्ये परलोकाचे दार उघडले, असे त्यांचे म्हणणे. १७४७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. अर्धा पगार पेन्शन म्हणून मिळावा, ही विनंती करायला मात्र ते विसरले नाहीत. १७४९ ते १७५६ या काळात त्यांचे आठ खंड लॅटिनमध्ये निघाले, तेही लेखकाच्या नावाशिवाय. पहिला खंड दोन महिन्यांत अवघ्या चार प्रती खपला. ‘स्वर्ग आणि नरक’ हे त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक १७५८ मध्ये लंडनला छापले गेले.

त्यांचा स्वर्ग कसा होता?

ढगांवर बसून वीणा वाजवण्याचा तर मुळीच नव्हता. स्वीडनबोर्ग सांगतात, की मेलेल्या माणसाला आपण मेलो आहोत हे आधी कळतच नाही. तेच हात, तेच पाय, तेच स्वभाव. तो आधी एका मधल्या जगात येतो. तिथे हळूहळू मुखवटे गळतात आणि त्याला मनापासून काय आवडते ते उघडे पडते. तीच आवड त्याला पुढे नेते. कोणी कोणाला नरकात ढकलत नाही. दुष्टाला स्वर्गाच्या हवेत गुदमरते, म्हणून तो आपणहून आपल्यासारख्यांकडे निघून जातो.

चित्रगुप्ताची वही इथेही आहे, पण ती माणसाच्या आतच. देवदूत चेहरा पाहतात, मग बोटांपासून सुरुवात करून सगळे शरीर वाचतात. आयुष्यभर लाच खाऊन नाकबूल करणाऱ्या न्यायाधीशांची सगळी प्रकरणे त्यांच्याच स्मृतीतून बारीकसारीक तपशिलांसह बाहेर आली, असा प्रसंग पुस्तकात आहे. सरकारी खात्यात अनेक वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रसंग लिहिताना कोणी ओळखीचे आठवले असेल का, कोण जाणे.

स्वर्गात रस्ते, बागा, घरे आहेत आणि प्रत्येकाला काम आहे. कायमच्या विश्रांतीची आस धरून आलेले लोक तिथे लवकरच कंटाळतात. देवदूत ही वेगळी जातच नाही. प्रत्येक देवदूत कधीकाळी माणूस होता. नवरा-बायकोही तिथे भेटतात, पण मने जुळलेली असतील तरच एकत्र राहतात. नाहीतर दोघांनाही मनाजोगता जोडीदार मिळतो. हे लिहिणारे स्वीडनबोर्ग स्वतः अविवाहित होते.

चर्चला यात काय खटकले?

खरा स्फोटक भाग मुलांचा होता. पाळण्यातली मुले दगावणे तेव्हा घरोघरी चालायचे आणि बाप्तिस्म्याआधीच बाळ गेले तर त्याचे काय, ही धास्ती आईबापांना असायची. स्वीडनबोर्ग यांनी लिहिले, की गेलेले प्रत्येक मूल स्वर्गातच जाते, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. तिथे देवदूत स्त्रिया त्याला आईच्या मायेने वाढवतात. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेली, पण आपल्या धर्माप्रमाणे नीट जगलेली माणसेही तिथे पोहोचतात. केवळ श्रद्धेने तारण होते, ही ल्युथरन चर्चची शिकवण त्यांना मान्य नव्हती. १७६९ नंतर गोथेनबर्गमध्ये त्यांच्या दोन समर्थकांवर चौकशी बसली.

त्यांना वेड लागले होते का?

जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७६६ मध्ये त्यांची खिल्ली उडवणारे पुस्तकच लिहिले. आजाराचे अंदाज आजही बांधले जातात. पण याच काळात स्वीडनबोर्ग संसदेत देशाच्या चलनावर मुद्देसूद टिपणे सादर करत होते, त्यामुळे वेडाचा शिक्का सहजी बसत नाही. अर्थात, स्वर्ग पाहिल्याचा पुरावा त्यांच्या शब्दापलीकडे काहीच नाही. तरीही वाचक मिळत गेले. अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी १९२७ मध्ये त्यांच्या विचारांवरील आपल्या श्रद्धेविषयी पुस्तक लिहिले.

मृत्यूनंतर त्यांचे काय झाले?

२९ मार्च १७७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या देहाला काही अर्थ नाही, तो पुन्हा उठत नाही, असे ते सांगत. पण देहाचीच धावपळ झाली. १९व्या शतकात थडग्यातून त्यांची कवटी चोरीला गेली आणि तिच्या जागी दुसरीच आली. १९०८ मध्ये अवशेष युद्धनौकेने स्वीडनला नेण्यात आले, ते त्या परक्या कवटीसह. खरी कवटी १९७८ मध्ये लंडनच्या लिलावात विकली गेली आणि मग उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये उरलेल्या हाडांशेजारी पोहोचली.