काचपट्टीवरच्या पेशी वाचणारा डॉक्टर

जॉर्ज पापानिकोलाऊ १९१३ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांच्याकडे अथेन्सची वैद्यकीय पदवी आणि म्युनिकची डॉक्टरेट होती. पैसे मात्र बेताचेच होते. ग्रीसमधल्या कीमी गावी १३ मे १८८३ रोजी एका डॉक्टरच्या घरात जन्मलेल्या या माणसाने पोटासाठी दुकानात गालिचे विकले. मेरी यांनी तिथेच बटणे शिवली.

पुढच्याच वर्षी त्यांना कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळाले. गिनीपिगच्या मादीचे बीज केव्हा पक्व होते, हे तिला न मारता त्यांना ओळखायचे होते. त्यांनी योनिमार्गातला स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ऋतुचक्राबरोबर पेशीही बदलताना दिसल्या. हीच पद्धत स्त्रियांसाठी आजमावताना मेरी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. पुढे रुग्ण स्त्रियांच्या नमुन्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या.

१९२८ मध्ये त्यांनी हा शोध मांडला, पण फारसे कोणी मनावर घेतले नाही. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही असेच निरीक्षण नोंदवले होते. पापानिकोलाऊ काम करत राहिले. १९४१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि ‘पॅप’ चाचणी रूढ झाली. कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधी पेशी बिघडू लागतात. तेव्हाच त्या सापडल्या तर साध्या उपचारांनी रोग टळतो. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी पापानिकोलाऊ यांचे मायामीत निधन झाले.

जिथे ही चाचणी ठरावीक काळाने होत राहिली, त्या देशांत या कर्करोगाचे मृत्यू खूप घटले. पण त्यासाठी प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारी तयार नजर लागते आणि बाईला पुन्हा पुन्हा यावे लागते. खेड्यात हे जमेल का, याचा कस लागला तो आपल्याच मराठवाड्यात. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटाची पॅप चाचणी, दुसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी (व्हीआयए), तिसऱ्याची एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली. चौथ्याला नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. उरलेल्या दोन चाचण्यांत ठळक घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणजे स्वस्त चाचणीही पुन्हा पुन्हा केली तर कामाला येते, आणि एकदाच संधी मिळणार असेल तर एचपीव्ही चाचणी सरस ठरते. भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडसारख्या गावात तिशी ओलांडलेल्या बाईने काही त्रास नसतानाही आरोग्य केंद्रात या तपासणीची चौकशी करावी. चाचणीत दोष निघाला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही; पण पुढची तपासणी टाळू नये. पापानिकोलाऊंनी आयुष्यभर शोधली ती हीच वेळ, रोग होण्याआधीची.