कॅनडा ली : पडद्यावर आणि पडद्याबाहेर वर्णभेदाशी झुंज

१९५० साली दक्षिण आफ्रिकेत ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ या चित्रपटाचे चित्रीकरण व्हायचे होते. कथा होती वर्णभेदाच्या छायेत जगणाऱ्या सामान्य माणसांची. मात्र त्यातील कृष्णवर्णीय अमेरिकी अभिनेत्यांना कलावंत म्हणून त्या देशात मानाने प्रवेश मिळणे शक्य नव्हते. दिग्दर्शक झोल्टन कोर्डा यांचे करारबद्ध नोकर अशी नोंद करूनच आपल्याला आत घेतले गेले, अशी आठवण सिडनी पॉयटिए पुढे सांगत. त्यांच्यासोबत गेलेले ज्येष्ठ अभिनेते म्हणजे कॅनडा ली.

३ मार्च १९०७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या ली यांचे मूळ नाव लिओनार्ड लायोनेल कॉर्नेलियस कॅनेगाटा. लहानपणी ते व्हायोलिन शिकले. किशोरवयात घर सोडून घोड्यांच्या शर्यतीत जॉकी झाले. अंगकाठी वाढल्यावर मुष्टियुद्धाकडे वळले. लढतीपूर्वी नाव पुकारणाऱ्याला ‘ली कॅनेगाटा’ नीट उच्चारता येईना, त्यातून ‘कॅनडा ली’ हे नाव पडले आणि तेच कायम राहिले. पुढे डोळ्याच्या दुखापतीने एका डोळ्याची दृष्टी गेली आणि १९३३च्या सुमारास ही कारकीर्दही संपली.

कामाच्या शोधात असतानाच ते रंगभूमीवर आले. १९३६ साली हार्लेममध्ये ऑर्सन वेल्स यांनी केवळ कृष्णवर्णीय नटांना घेऊन बसवलेल्या ‘मॅक्बेथ’मध्ये त्यांनी बँकोची भूमिका केली. १९४१ साली रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ या कादंबरीच्या नाट्यरूपातील बिगर थॉमसने त्यांना खरी कीर्ती दिली. १९४६ साली तर ‘द डचेस ऑफ माल्फी’ या नाटकात चेहऱ्यावर गोरा रंग लावून त्यांनी गोऱ्या पात्राची भूमिका वठवली. गोऱ्या नटांनी चेहरा काळा करून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याची प्रथा जिथे रुळलेली होती, तिथे हे धाडसच होते. हिचकॉक यांच्या ‘लाइफबोट’मध्येही आपल्या पात्राच्या तोंडी घातलेली लाचारीची भाषा त्यांनी मुकाट्याने स्वीकारली नाही.

या ताठ कण्याची किंमत मोजावी लागली. वांशिक समतेसाठी सभांतून बोलणाऱ्या ली यांच्यावर साम्यवादी असल्याचा शिक्का बसला. १९४९ साली त्यांनी तो जाहीरपणे नाकारला. तरीही नभोवाणी आणि दूरचित्रवाणीची दारे बंद होत गेली. मायदेशात असे हात बांधले गेले असतानाच दक्षिण आफ्रिकेतील भूमिका हाती आली.

अ‍ॅलन पेटन यांची मूळ कादंबरी १९४८ सालची. त्याच वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण बनले. प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंद करणारा आणि वस्त्या वंशानुसार विभागणारा असे दोन कायदे १९५० सालीच झाले. ली यांनी उभा केलेला स्टीफन कुमालो हा नाताळमधील खेड्यातला वृद्ध पाद्री. बहिणीच्या आणि मुलाच्या शोधात तो जोहान्सबर्गला जातो. मुलगा सापडतो तो एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा आरोपी म्हणून. आणि मृत व्यक्ती तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी निघते. खचलेल्या दोन पित्यांची, एका काळ्या आणि एका गोऱ्या, ही कथा आहे. ली यांनी कुमालोचे दुःख आरडाओरडा न करता, थकलेल्या चालीतून आणि झुकलेल्या खांद्यांतून व्यक्त केले.

जानेवारी १९५२ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत झळकला. त्यानंतर काही महिन्यांतच, ९ मे रोजी, न्यूयॉर्क येथे वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी ली यांचे निधन झाले. बारा वर्षांनी, १९६४ साली, त्यांचे तरुण सहकलाकार पॉयटिए सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. तो दिवस पाहणे ली यांच्या नशिबी नव्हते. परंतु त्या वाटेवरचे काटे आधी त्यांच्याच पायांत रुतले होते.