शाळेत पोरांची तब्येत तपासणं सक्तीचं झालं, त्यामागं या बाई होत्या

पोराचं शाळेत नाव घातलं की डॉक्टर येणार, वजन-उंची घेणार, डोळे, कान, दात बघणार. आज यात कुणाला विशेष वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये याच गोष्टीसाठी भांडावं लागलं होतं. भांडणाऱ्यांमध्ये पुढं होत्या मार्गारेट मॅकमिलन.

मार्गारेट यांचा जन्म १८६० चा, अमेरिकेतला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. १८६५ मध्ये वडील आणि एक बहीण गेली, तेव्हा आई उरलेल्या दोन मुलींना घेऊन माहेरी परतली. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाला आणि मार्गारेट यांचं ऐकणं गेलं. ते परत यायला चौदावं वर्ष उजाडलं.

१८९३ मध्ये त्या ब्रॅडफर्डला आल्या. हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. इथली कितीतरी पोरं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असायची. पुढच्याच वर्षी मार्गारेट निवडणूक जिंकून स्कूल बोर्डावर गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: पोरांना शाळेत यायची सक्ती करता, मग उपाशी आणि आजारी पोर शिकणार कसं, हेही बघा. काही पोरांच्या अंगावरचे कपडे तर महिनोन्महिने निघतच नसत.

बोर्डाचे डॉक्टर जेम्स केर यांच्यासोबत त्यांनी पोरांची तपासणी सुरू केली. इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या शालेय तपासण्यांपैकी ही एक. १८९७ मध्ये एका शाळेत अंघोळीची सोयही झाली.

पण १९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्डच बंद झाले. नव्या समित्यांवर बायकांना निवडून जाता येईना. मार्गारेट यांची खुर्ची गेली.

त्या लंडनला थोरली बहीण रेचलकडे गेल्या आणि पाठपुरावा चालूच ठेवला. तेवढ्यात बोअर युद्धासाठी भरतीला आलेले कितीतरी तरुण तब्येतीमुळं नापास झाले होते, त्यामुळं सरकारही जागं झालं होतं. अखेर १९०७ मध्ये कायदा आला. सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची प्रवेशाच्या सुमारास तपासणी सक्तीची झाली.

आता काम संपलं? नाही. कायद्यात तपासणीची सक्ती होती, उपचाराची नव्हती. पोराचे दात किडलेत हे कागदावर यायचं, पण डॉक्टरचे पैसे आईबापाकडे नसायचे. म्हणून दोघी बहिणींनी १९०८ मध्ये लंडनच्या बो भागात शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला, १९१० मध्ये डेप्टफर्डला.

तिथं दुसरी अडचण दिसली. बरी झालेली पोरं तोच आजार घेऊन परत यायची, कारण घरं कोंदट आणि अंधारी होती. मग त्यांनी मुलींना रात्री उघड्या हवेत झोपता येईल असं शिबिर सुरू केलं. शाळेच्या वयापर्यंत थांबलं तर उशीर होतो, म्हणून १९१४ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बागेतली बालवाडी काढली. १९१७ मध्ये रेचल गेल्या. मार्गारेट यांनी १९३१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत हे काम सोडलं नाही.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी होते, काही दोष आढळला तर मुलाला मोफत उपचारासाठी पुढं पाठवतात. त्यामुळं दप्तरात पुढच्या तपासणीची चिठ्ठी सापडली, तर ती तिथंच राहू देऊ नका. खरं काम त्या चिठ्ठीनंतर सुरू होतं.