संत ऑगस्टीन आणि प्रभूचे दाखले

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यावरील एखाद्या प्रवचनात असेही आपल्या कानी पडले असेल, की वाटेत लुटला गेलेला मनुष्य म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत, न थांबता निघून गेलेले याजक व लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी म्हणजे स्वतः प्रभू येशू आणि उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी. हा अर्थ ओरिगेनच्याही आधीपासून चालत आलेला. परंतु त्याला ठसठशीत रूप दिले ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टीन यांनी. त्यांनी क्वचितच एखादा तपशील रिकामा सोडला. यरीहो म्हणजे वाढणारा व घटणारा चंद्र, म्हणून मर्त्यता. उतारशाळेचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल. दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा.

महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त प्रत्येक दृष्टांतामागून त्याचा उलगडा करणारे दार्ष्टांतिक येते, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. शुभवर्तमानांत मात्र पेरणारा व निदण अशा मोजक्याच दाखल्यांचे दार्ष्टांतिक प्रभूने स्वतः सविस्तर सांगितले. बाकीचे शोधण्याचे काम मंडळीवर पडले, आणि त्या कामाची जोखीम ऑगस्टीन यांच्या चरित्रात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

इ. स. 354 मध्ये आजच्या अल्जीरियातील तागास्ते गावी त्यांचा जन्म झाला. आई मोनिका भाविक ख्रिस्ती होती. मुलगा मात्र सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात रमला. जुन्या करारातील कथा त्या तरुण वक्तृत्वशिक्षकाला ओबडधोबड वाटत. 384 मध्ये तो मिलानला गेला. तेथे बिशप अँब्रोज यांची प्रवचने तो प्रथम केवळ भाषाशैलीसाठी ऐकू लागला, आणि शब्दांच्या आड दडलेला आत्मिक अर्थ उलगडताना ऐकून त्याच्या शंकांची गाठ सैल झाली. 387 च्या पुनरुत्थानसणाला अँब्रोज यांच्याच हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. रूपकाच्या वाटेनेच शास्त्र आपलेसे झाल्यावर ती वाट ऑगस्टीन यांनी जन्मभर सोडली नाही, यात नवल ते काय!

391 मध्ये ते हिप्पो येथे याजक झाले आणि थोड्याच वर्षांत बिशप. तेव्हा आफ्रिकेतील मंडळी दुभंगलेली होती. 303 पासूनच्या छळात ज्यांनी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हाती दिले, त्यांच्या हातून झालेले संस्कार दोनातपंथीयांना मान्य नव्हते. मंडळी निष्कलंकच असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ऑगस्टीन यांनी त्यांच्यापुढे गहू व निदण यांचा दाखला ठेवला. कापणीपर्यंत दोन्ही एकत्र वाढणार, उपटण्याची घाई करू नये. प्रभूने शेताचा अर्थ जग असा सांगितला आहे, मंडळी नव्हे, असे प्रतिपक्षाने बजावले. आणि हा मुद्दा वाटतो तितका पोकळ नव्हता. तरीही अपराधी बांधवाला पश्चात्तापासाठी अवधी देणारे ऑगस्टीन यांचे वाचन मंडळीला फार उपकारक ठरले.

पण पुढे काय झाले पाहा. बादशहाने दोनातपंथीयांविरुद्ध कायदे केले: दंड, जप्ती, धर्मगुरूंना हद्दपारी. ऑगस्टीन आधी अशा सक्तीच्या विरुद्ध होते. कायद्याच्या धाकाने गावेच्या गावे परत येताना पाहून त्यांचे मत बदलले, आणि आधाराला त्यांनी आणखी एक दाखला घेतला, मोठ्या मेजवानीचा. यजमान शेवटी चाकराला रस्त्यांवर व कुंपणांकडे पाठवून लोकांना आत आणण्यास भाग पाडायला सांगतो. सुमारे 408 व 417 मधील त्यांच्या पत्रांत हा यजमान राजसत्तेच्या बळाला संमती देणारा झाला आहे.

वाचकहो, आपल्याकडे पंगतीत आग्रह करतात. संकोचणाऱ्या गरीब पाहुण्याला हात धरून पाटावर बसवतात. त्यासाठी कोणी शिपाई बोलावत नाही. दाखल्यातील ती आंधळी, पांगळी माणसे आठवली म्हणजे हाच अर्थ सरळ वाटतो. शोमरोन्याची नाणी मोजताना चुकले, तर फार तर प्रवचन लांबते. येथे माणसांची घरेदारे गेली. शिवाय तो अर्थ ऑगस्टीन यांच्याबरोबर संपला नाही. 1685 मध्ये फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांवर सक्ती झाली तेव्हा तिच्या समर्थनार्थ हीच पत्रे पुढे करण्यात आली. त्याच वर्षी पिएर बेल या लेखकाचा पाळक असलेला भाऊ तुरुंगात मरण पावला, आणि पुढच्याच वर्षी बेल यांनी मेजवानीच्या त्या शब्दांवर भाष्य लिहून सक्तीचा अर्थ खोडून काढला. शोमरोन्याच्या रूपकावर कॅल्विन यांनी त्याआधीच टीका केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडित युलिखर यांनी तर दाखल्याचा मुद्दा एकच असतो, असे मांडून सारी रूपके बाजूला सारली. तेही थोडे जास्तच झाले.

ऑगस्टीन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की दोनातपंथीयांनी एका याजकाचा खून केला तेव्हा मारेकऱ्यांना देहदंड देऊ नये, अशी विनवणी त्यांनीच अधिकाऱ्याला पत्राने केली. निदणाचा दाखला ते पुरते विसरले नव्हते.

430 च्या उन्हाळ्यात व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असता ते तापाने अंथरुणाला खिळले. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन त्यांनी ती भिंतीवर लावली. वैद्य व जेवण यांच्या वेळेखेरीज कोणी आत येऊ नये, असे सांगून सुमारे दहा दिवस ते ती वाचीत व रडत राहिले. 28 ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला. वेढा अजून उठला नव्हता.