साठी, बुद्धी आणि अण्णा कर्वे

आमच्या केमच्या पारावर एखादे आजोबा कुणाचं नाव विसरले की पोरं लगेच हसतात. साठी बुद्धी नाठी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! तुम्हीही घरी कधीतरी हेच केलं असेल. मग महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं आयुष्य एकदा वाचाच.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातला. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते मुरुडहून थेट साताऱ्याला चालत गेले आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून गणिताची पदवी घेतली. १८९१ पासून ते फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. आपल्या केमचं कुंकू गावोगाव जातं, पण त्या काळी विधवेच्या कपाळाला ते वर्ज्य होतं. गावाने अण्णांवर बहिष्कार टाकला. तरी १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला.

खरी गंमत पुढे आहे. महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ मध्ये, वय ५८. वयाच्या सत्तरीनंतर, १९२९ मध्ये, युरोप-अमेरिका-जपानचा दौरा. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था. ८६ व्या वर्षी समता संघ. शंभरीत भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले, तेव्हा १०४ वर्षांचे होते.

मग म्हातारपणी मेंदूचं नेमकं काय होतं? तो थोडा आक्रसतो, हे खरं. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि नियोजन करणारा कपाळामागचा भाग यांवर जास्त परिणाम होतो. पण निरोगी मेंदूत पेशी धडाधड मरत नाहीत. मुख्यतः त्यांच्यातले जोड कमी होतात. पेशींच्या तारांवरचं मायलिनचं आवरण झिजतं आणि निरोप हळू पोचतात. म्हणून नाव ओठांवर येऊन अडतं. शब्दसंपदा आणि अनुभवाचं शहाणपण मात्र बराच काळ टिकतं.

शिक्षण, नवं काम, माणसांत वावर यांमुळे मेंदूकडे जणू राखीव साठा तयार होतो, असं शास्त्रज्ञ मानतात. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षभर नियमित चाललेल्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अण्णांचा मेंदू कुणी मशीनमध्ये तपासला नव्हता. एका माणसावरून सिद्धांतही मांडता येत नाही; आनुवंशिकता आणि नशीब असतंच. पण चालणं, शिकणं, माणसं जोडणं यांतलं काहीच त्यांनी सोडलं नव्हतं, एवढं नक्की.

आणि एक लक्षात ठेवा. नाव उशिरा आठवणं वेगळं, रोजच्या घराची वाट चुकणं वेगळं. दुसरं म्हातारपण नव्हे, तो आजार असू शकतो. तिथे हसू नका, डॉक्टरकडे न्या.

बाकी आजोबांना मोबाइलवर पैसे पाठवायला शिकवताना तिसऱ्यांदा सांगावं लागलं, तर वैतागू नका. त्यांना शिकायला वेळ लागतोय, पण ते शिकतायत. आणि त्यांच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत जा. तुमचा राखीव साठाही आत्तापासूनच भरायचाय ना!