रुस्तम जाल वकील

रुस्तम जाल वकील (१७ जुलै १९११ – १९७४) हे मुंबईचे ख्यातनाम हृद्‌रोगतज्ज्ञ होते. पारशी कुटुंबात जन्मलेल्या वकील यांनी लंडनमध्ये वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले व नंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम केले.

सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण त्यांनी शोधला, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच त्याची नोंद केली होती. वकील यांचे श्रेय निराळे, पण तितकेच मोठे आहे. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यांचे या मुळीकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हे औषध सावकाश चढते आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकतो. याचे कारण पुढे उलगडले. तंत्रिकांच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिन या रसायनाचा साठा असतो. रेसरपीन तो साठूच देत नाही. साठा पुन्हा भरण्यास दिवसच्या दिवस लागतात.

तथापि स्नायू स्वस्थ बसत नाही. फ्लेमिंग व ट्रेंडेलेनबर्ग यांनी १९६१ मध्ये मांजराच्या डोळ्यातील तिसऱ्या पापणीच्या अरेखित स्नायूवर प्रयोग प्रसिद्ध केले. रेसरपीन दिल्यावर साठा लवकर रिता होई, पण स्नायूची संवेदनशीलता काही दिवसांनी वाढे. मग बाहेरून दिलेल्या नॉरॲड्रेनलिनच्या अल्प मात्रेनेही तो जोराने आकुंचन पावे. संदेश तुटला की पेशी जणू कान टवकारते. हा बदल केवळ ग्राहींचा नसतो. पेशीची एकूण उत्तेजनक्षमताही वाढते. उलट, उत्तेजक औषधाचा मारा सतत राहिला, तर ग्राही मंदावतात.

रेसरपीनमुळे काही रुग्णांना विषण्णता येते असे आढळले. पुढे नवी औषधे आल्यावर त्याचा वापर बराच घटला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वकील यांचे नाव ॲस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेल्या रोगनिदानावरील पाठ्यपुस्तकामुळेही परिचित आहे.